निम्मा झालो, डोंगर चढलो

मित्रांनो, मी एक जुना किल्ट आहे, म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा निऱ्यांचा लोकरी घागरा. पण जुना म्हणून माझी कीव करू नका. माझ्या वयाचे पुष्कळ किल्ट कपाटात डांबराच्या गोळ्या हुंगत पडले आहेत. मी मात्र परवाच बेन दारख डोंगराच्या माथ्यावर वारा खाऊन आलो.

हेक्टर मॅक्रे हा आमच्या दरीतला पोस्टमन. त्याच्या लग्नासाठी हिरव्या-निळ्या चौकड्यांच्या जाड लोकरीतून मला शिवले. आठ वार कापड आणि मागे दाट निऱ्या! चर्चच्या दारात लोक नवरीला सोडून माझ्याकडेच पाहत होते, असे मला तरी वाटले.

एकदा हौसेने तो मला घालून डोंगरावर गेला. पाऊस आला. भिजून मी इतका जड झालो की माझ्या ओल्या काठाने त्याच्या गुडघ्यांची मागची बाजू सोलून काढली. त्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि त्या चुकीच्या नव्हत्या. मी मिरवण्यासाठी शिवलेला होतो, चढण्यासाठी नाही.

पुढे हेक्टरचे पोट वाढले आणि माझी बक्कले लागेनाशी झाली. मी कपाटात गेलो. तिथे मला कसर लागली.

त्याची मुलगी ऊना लोकांना डोंगरवाटा दाखवण्याचे काम करते. तिने मला बाहेर काढले तेव्हा निऱ्यांना भोके पडली होती.

"बाबा, हा मी डोंगरासाठी कापून घेते," ती म्हणाली.

"माझ्या लग्नाच्या किल्टला कात्री? याद राख!"

"तुम्ही ठेवला जपून, आणि खाल्ला किड्यांनी. त्यांना नाही दटावलंत ते?"

हेक्टर गुरगुरला. "ने, ने. दगा देईल तेव्हा मला हाक मारू नकोस."

शिंपीण इशबेलने मला टेबलावर पसरले. कात्री चालली तेव्हा मी घाबरलो, खोटे कशाला सांगू? तिने कसर लागलेला भाग काढून टाकला. निऱ्या थोड्या पण रुंद घातल्या, म्हणजे पाऊल लांब टाकता येईल. काठ गुडघ्याच्या वर घेतला.

"बक्कलं नकोत," ती म्हणाली. "पाठपिशवीचा पट्टा नेमका त्यांच्यावर बसतो. कंबर काळीनिळी होईल पोरी. चपटी बटणं लावते."

मी निम्मा उरलो, पण अंगात बळ आल्यासारखे वाटले.

पहिल्याच फेरीला हेक्टर आमच्याबरोबर निघाला. माझी फजिती बघायला, दुसरे काय! त्याच्या अंगात जाड सुती पँट. वाटेत तो ओटची बिस्किटे खात टोमणे मारत होता. "काय गं, परकराला पंख फुटले का?"

उतरताना पावसाने गाठले. सकाळी सहज ओलांडलेला ओढा फुगला होता. ऊनाने मला वर खोचले, बापाचा हात धरला आणि दोघे पाण्यात शिरले. पलीकडे आलो तेव्हा मी पावसाने थोडाच ओला झालो होतो. हेक्टर मांड्यांपर्यंत भिजला होता आणि वारा सुरीसारखा लागत होता.

थोड्या वेळाने त्याचे टोमणे थांबले. मग गारठ्याने त्याची जीभ अडखळू लागली.

"बसतो जरा," तो म्हणाला.

"बसायचं नाही, बाबा! ती पँट काढा आधी."

"वेडी आहेस का?"

"काढा म्हणते ना!"

ऊनाने आत धावायची तंग विजार घातली होती. तिने माझी बटणे सोडली, मला बापाच्या कमरेभोवती घट्ट गुंडाळले आणि वरून तिचा पट्टा आवळला. त्याचे पाय बर्फासारखे गार होते. मी लोकर आहे, मित्रांनो. थोडी ओली झाली तरी लोकर ऊब सोडत नाही. मी त्या पायांना बिलगून राहिलो. ऊना त्याला गरम चहा पाजत, रागवत, ओढत चालवत राहिली. हळूहळू त्याच्या पायांत ऊब आली आणि जीभ सुटली.

गावाजवळ आलो तेव्हा हेक्टरने खाली माझ्याकडे पाहिले. "गुडघे सोलले नाहीत," तो पुटपुटला.

"मग इशबेलला तसं सांगा."

"मीच सांगायचं?"

"कात्रीला नावं कुणी ठेवली होती?"

दुसऱ्या दिवशी हेक्टरने मला थंड पाण्यात स्वतःच्या हातांनी धुतले. पिळले नाही, पंच्यात दाबून पाणी टिपले आणि सावलीत आडवे पसरले. मग केस विंचरून चूक कबूल करायला इशबेलच्या दाराशी गेला.

आता माझ्यावर दोन ठिगळे आहेत आणि दाराजवळची खुंटी हे माझे घर आहे. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, पण काळजीच्या नावाखाली त्यांना कोंडू नका. मला मळवा, धुवा, शिवा. गरज पडलीच तर कात्रीही लावा, पण घाला.

बरे, आता वाट सोडा. ऊना बुटांच्या नाड्या बांधते आहे.