चार टिपांची थैली

मित्रांनो, तुमसरमधल्या एका घरात, खिडकीला लागून मी उभी आहे. मी शिलाई मशीन. अंगावरची सोनेरी फुले कधीच पुसली गेली आहेत. पायडल उजव्या बाजूने झिजले आहे. ते निर्मलाबाईच्या पायाने झिजले, म्हणून त्या झिजेची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. मधुकररावांनी मला तुमसर रोड स्टेशनवरून सायकल-रिक्षात घालून घरी आणले. ते राइस मिलमध्ये काम करत. कोंड्याने माखलेल्या हातांनीच त्यांनी माझ्या चाकाला कुंकू लावले आणि बायकोला, निर्मलाबाईला, म्हणाले, "घे, तुझी मिल." पुढे मधुकरराव गेले आणि ते घर खरोखर माझ्या चाकावर चालले. निर्मलाबाईने शिवलेला ब्लाऊज खांद्यावरून घसरत नाही, असे बायका सांगत. दर दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. बावीस वर्षे मी एवढी सुखी होते की मला ते कळलेही नाही.

मग निर्मलाबाईला छातीचा कर्करोग झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचा उजवा स्तन काढला. माझे चाक फिरवणारा हात त्याच बाजूचा. परत आल्यावर तो खांद्याच्या वर जाईना. तिने माझ्यावर चादर टाकली आणि चार महिने माझ्याकडे पाठ करून बसली.

मला पुन्हा उघडायला लावले ते तिच्याच ब्लाऊजने. दुसऱ्यांची मापे अचूक बसवणाऱ्या बाईचा स्वतःचा ब्लाऊज एका बाजूने लोंबत होता. तिला ते सहन झाले नाही. ब्लाऊजच्या रिकाम्या बाजूत ठेवायला तिने मऊ सुती कापडाची एक थैली शिवली आणि आत कापूस भरला. कापसाला वजन नाही, थैली गळ्याकडे सरकली. मग तिने धान भरले. धानाच्या गावात आणखी काय सुचणार? वजन बरोबर बसले. पण एके दिवशी तिने ती थैली न उसवता, धानासकटच धुतली आणि श्रावणातल्या ओल्या हवेत चार दिवस दोरीवर विसरली. धान भिजवून कापडात बांधले की कोंब येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. निर्मलाबाईला त्या वेळी आठवले नाही.

दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर असलेली सुंदरबाई त्या दिवशी भेटायला आली होती. शिवणीतून बाहेर आलेले हिरवे कोंब पाहून ती म्हणाली, "निर्मला, आता धान रोवण्याले बायका सांगू का?"

निर्मलाबाई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. एवढी हसली की टाक्यांची जागा दुखते म्हणून तिने माझी फळी धरली. दुसऱ्याच दिवशी तिने मोहरी आणली, तव्यावर भाजली आणि थैलीत भरली. भाजलेल्या दाण्याला कोंब येत नाही. चौथ्या बाजूला बटनपट्टी लावली, म्हणजे धुताना मोहरी काढून ठेवता येईल.

बातमी बायकांमध्ये पसरायला वेळ लागत नाही. मोहाडीकडून, साकोलीकडून, कुठून कुठून बायका येऊ लागल्या. मंगळवार ठरला. कोणी औषधाने तोंड आल्यावर काय खावे ते सांगे, कोणी नवऱ्याशी कसे बोलावे ते सांगे. टक्कल झालेल्या डोक्यांवरून तर असे विनोद होत की तुम्हा मुलांसमोर सांगायचे नाहीत. निर्मलाबाईचा एकच नियम होता. "माप मी घेतो. शिलाई तुझी तू कर." डॉक्टरांनी हात हलवायला सांगितलेलाच असे. माझे चाक फिरवता फिरवता तो हळूहळू उठू लागे.

एका आषाढात करडीची रेणू आली. तिचा नवरा राजकुमार तिला मोटारसायकलवरून सोडून बाहेर उभा राहिला. साडीवर तिने त्याचाच ढगळ सदरा घातला होता. त्या वर्षी ती धान रोवण्याला गेली नव्हती. शेजारणी बघतील म्हणून घराच्या बाहेरही पडत नव्हती.

"मी नाही जात आता नागपूरले," ती आल्याआल्या म्हणाली. "दोन किमो घेतले, चार बाकी आहेत. केस गेले, जिभेची चव गेली. अजून काय न्यायचं राह्यलं?"

तिने चार किमो घेतले नाहीत तर काय होईल, ते त्या खोलीत प्रत्येकीला माहीत होते.

"नको जाऊ," निर्मलाबाई शांतपणे म्हणाली. "आली आहेस तं थैली शिवून जा."

"मले मशीन येत नाही."

"मले तरी कॅन्सर कुठं येत होता? शिकलोच ना."

सुंदरबाई म्हणाली, "अन् सदरा काढ बाई. नाही तं मिशा बी लावून घे."

रेणूला रडावे की हसावे कळेना. ती बसली. तिचा हात माझ्या चाकापर्यंत पोचायलाच किती वेळ गेला. आधी एका चिंधीवर एक टीप पडली, वाकडी, पाणंदीच्या वाटेसारखी. ती थैलीचे कापड सुईखाली घेऊ लागली तेव्हा निर्मलाबाईने माझ्या चाकावर हात ठेवला.

"आजच्याले एवढंच. थैलीची पहिली बाजू पुढचा किमो झाल्यावर."

मित्रांनो, ती थैली अर्ध्या तासाची. मला हे कळत होते आणि निर्मलाबाईलाही. चार बाजू आणि चार किमो, हे मात्र रेणूला कळले नव्हते. तीन आठवड्यांनी ती आली, थकलेली, पण पहिली बाजू शिवायलाच आली. मग दुसरी, मग तिसरी. बटनपट्टीची चौथी टीप पडली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. त्या दिवशी तिला हिशेब उमगला.

"मावशी, तू मले फसवलं."

"हो तं," निर्मलाबाई म्हणाली.

पुढच्या वर्षी रेणू बायकांच्या ओळीत उभी राहून रोवणा करत होती. सदरा घरी होता. मी फक्त लोखंड आहे, पण त्या दिवशी माझे चाक जरा हलके फिरले असेल.

निर्मलाबाईचा आजार दोन वर्षांनी परत आला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. मार्गशीर्षात ती गेली. तिच्या मुलीने, टीनाने, माझ्यावर आईची निळी साडी पांघरली. माझा पट्टा सैल पडला, शटलवर गंज चढला. मंगळवारी बायका दारापर्यंत येत आणि टीनाकडे पाहून परत जात. मी कोणाच्या हाती लागू नये, असे तिला वाटत होते. खरे सांगू? मलाही.

या आषाढात रेणू आली. तिच्यासोबत सानगडीची अपेक्षा नावाची एक तरुण बाई होती. तिने खिडकीकडे तोंड करून ठेवले होते.

"मशीन बंद आहे," टीना म्हणाली. "आईने ठेवलेलं कापड अजून सुईखाली आहे. ते मी हलवणार नाही."

"नको हलवू. मले नुसतं पाहू दे."

रेणूने साडी उचलली. सुईखाली एक थैली होती. तिच्या तीन बाजूंना टिपा होत्या, चौथी उघडी होती. रेणूने त्या टिपा बोटाने मोजल्या.

"टीना, मावशीचे या खेपेला किती किमो झाले होते?"

"तीन. चौथा व्हायचा होता."

मग टीनाने कपाटातून तेलाची कुपी काढली. माझ्या प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडला, पट्टा आवळला आणि स्टुलावर बसली. तिला शिवणकाम येत नाही. चौथी टीप वाकडीतिकडी पडली, रेणूच्या पहिल्या टिपेहूनही वाकडी. मी ती जितकी जमेल तितकी घट्ट ओढून घेतली. माझ्या इतक्या वर्षांत मी याहून चांगले काम केलेले नाही.

टीनाने धागा तोडला, थैली आपल्या उशाशी ठेवायला बाजूला काढली आणि स्टूल अपेक्षाकडे सरकवले.

"माझे तर पाच बाकी आहेत," अपेक्षा पहिल्यांदाच बोलली. "बाजू चारच."

"बटनपट्टीले दोन टिपा मारू," रेणू म्हणाली. "आमच्याकडे कमी पडत नाही."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी म्हातारी मशीन झाकलेली असेल. तिच्यावर गेलेल्या माणसाचा हात असतो, म्हणून ती जपावीशी वाटते. जरूर जपा. पण जपणे म्हणजे झाकून ठेवणे नव्हे. तेल घाला, पट्टा आवळा आणि जिला आधाराची गरज आहे तिला समोर बसवा. मात्र एका दिवसात सगळे शिवून देऊ नका. एक बाजू उरू द्या, म्हणजे ती परत येईल.