उपाशीपोटी

आमच्या रनिंग क्लबची कोच सारा रविवारच्या लाँग रनआधी खाण्यावर जे भाषण देते, ते मला तोंडपाठ आहे. उठल्यावर पोटात काहीतरी घाला, वाटेत साखरेच्या जेलचं पाकीट घ्या, परतल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन, दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती. मी सगळ्याला मान डोलवायची आणि यातलं काहीही करायची नाही. कारण पोटात अन्न असलं की शार्दूल येत नसे.

शार्दूल माझा नवरा. नोव्हेंबरात मोटरवेवर एका लॉरीने त्याला नेलं. एप्रिलच्या मॅरेथॉनमध्ये आम्ही दोघांनी नाव घातलं होतं. तो गेल्यावर माझं तेवढं राहिलं. लोक म्हणायचे, अक्षया दुःख विसरायला धावते. लोकांना काहीही वाटतं.

जानेवारीत एका रविवारी मी उशिरा उठले आणि तशीच उपाशी बाहेर पडले. इंग्लंडातल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या कालव्याकाठची वाट, धुकं, बांधून ठेवलेल्या लांबोळक्या बोटी. परतताना, बारा मैल झाले असतील, पायांतलं त्राण गेलं, ओठ बधिर झाले, आणि मागून पावलं वाजली. एक ठाम, एक जरा फरपटत. लहानपणी फुटबॉलमध्ये मोडलेला त्याचा घोटा कधी नीट बसलाच नव्हता. ती चाल मी झोपेतही ओळखेन. मी वळून पाहिलं नाही. घराच्या वळणापर्यंत तो माझ्या वेगाने आला. घरी जाऊन मी दहीभात खाल्ला, तसे कान रिकामे झाले.

मी बँकेत जोखमीची गणितं करते, अडाणी नाही. साखर उतरली की मेंदू काहीबाही ऐकवतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून काय करायचं? शहाण्यांनी आपलं शहाणपण आपल्या घरी ठेवावं. मला माझा नवरा हवा होता.

घरात आता आम्ही दोघंच. माझे सासरे, मुरलीधरबाबा, उभा जन्म गाड्यांच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून स्वयंपाक त्यांच्याकडे. मधुमेहामुळे स्वतःच्या इन्सुलिनच्या वेळांबाबत कडक, आणि माझ्या खाण्याबाबत त्याहून कडक. रविवारी पहाटे ते मला थालीपीठ करून देत. मी ते टिश्यूत गुंडाळून नेई आणि कालव्यातल्या बदकांना घाली. बदकांना भाजणी चांगलीच मानवली. मी मात्र वाळत गेले. नडगी ठणकायला लागली, पाळी थांबली, केस हातात यायला लागले. साराने दोन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. मी तिला हो म्हटलं, क्लबला जाणं सोडलं आणि एकटीच धावू लागले. धावले नाही त्या दिवशी घर खायला उठायचं.

मार्चमध्ये बाबांनी मला पकडलं. धुवायला टाकलेल्या जॅकेटच्या खिशात थालीपीठाचे तुकडे त्यांच्या हाती लागले. आता ओरडा बसणार म्हणून मी आधीच चिडले आणि चिडून सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. ओट्याला टेकून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "काही बोलतो का गं?"

"नाही बाबा. नुसता बरोबर धावतो."

त्यांनी मान हलवली आणि कणीक मळायला घेतली. मला वाटलं, सुटले. तो मुलगा आधी त्यांचा होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या रविवारी थालीपीठ नव्हतं. बाबाही घरात नव्हते. देवळात गेले असतील असं धरून मी बूट चढवले आणि निघाले. परतीच्या वाटेवर, नेहमीच्या सुमाराला, मागे पावलं आली. मला नेहमीसारखं रडू आलं, बरं वाटून आलेलं. पुलाखालून बाहेर पडते तोच समोरच्या बाकावर बाबा दिसले. अंगात फक्त स्वेटर, कपाळ घामाने थबथबलेलं, हात थरथरत होते. इन्सुलिन घेतलं का विचारलं, तर म्हणाले घेतलं. खाल्लं का विचारलं, तर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

साराने बळेच दिलेली जेलची पाकिटं माझ्या खिशात पडून होती. एक फाडून मी त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि माझा हात बाजूला केला.

"तुझ्याकडे तो दर संडेला येतो," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "माझ्याकडे एकदा येऊ दे."

शार्दूल माझ्या मागेच होता. सिग्नल लागला की तो जागच्या जागी धावत राहायचा, तशी पावलं वाजत होती. बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना येणारही नव्हतं. ते बेशुद्ध पडणार होते आणि मग त्या घरात मी एकटीच उरणार होते.

"बाबा, तो आलाय. इथे, माझ्या मागेच आहे. आता तोंड उघडा."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग लहान मुलासारखं तोंड उघडलं.

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईने शुद्धीवर आहेत ना विचारलं आणि आणखी गोड द्यायला सांगितलं. दुसरं पाकीट गेल्यावर बाबांच्या तोंडावर जरा रंग आला. तिसरं मी फाडलं, तर त्यांनी ते माझ्या हातून घेतलं आणि माझ्यापुढेच धरलं.

"मी खाल्लं की तो जातो, बाबा."

"जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "तू नको जाऊस."

मला त्यांचा राग आला. त्या लॉरीवाल्याचाही कधी इतका आला नव्हता. मी पाकीट तोंडात पिळलं. लिंबाची, चिकट, भिकार चव. गिळायला फार जड गेलं. सायकलवरून कुणीतरी गुड मॉर्निंग म्हणत गेलं. मागची पावलं हळू झाली. आधी ठाम पाऊल गेलं. फरपटणारं थोडा वेळ रेंगाळलं.

बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. "अजून आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मी खाल्लं ना."