डेसचा हात

"पपा, एवढं दाबू नका, फांदी मोडेल."

"पोवळं चिकटवायला आता तुझ्याकडून शिकू का?" सिल्व्हानो म्हणाला, पण बोट सैल केलं.

ईस्टरसाठी तो लेकीकडे टाउन्सव्हिलला आला होता. कार्लाने समुद्राच्या पाण्याच्या काचेच्या टाकीतली फोफावलेली जिवंत पोवळी छाटायला काढली होती आणि बाप न सांगताच शेजारी बसला होता. तुकड्याचं बूड पुसायचं, त्यावर गोंदाचा थेंब, त्याखाली मळून मऊ केलेल्या चिकट लुकणाची गोळी, मग पाण्यात हात घालून खडकाच्या खाचेत बसवायचं आणि धरून ठेवायचं. इनिसफेलच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला हे काम आवडायचं. हल्ली बोटं मात्र थरथरायची.

पुढच्या तुकड्यासाठी जागा शोधताना तो वाकला आणि खडकामागचं पोवळं त्याला दिसलं. जांभळ्या फांद्या, टोकांना कोवळ्या पानांचा हिरवा रंग.

त्याने हातातला तुकडा खाली ठेवला.

"हे कुठून आणलंस?"

कार्लाने टॉवेलला हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "आईनं दिलं होतं."

हे पोवळं एके काळी साऱ्या किनारपट्टीत एकट्या सिल्व्हानोकडे होतं. एका म्हाताऱ्या पाणबुड्याने त्याला अंगठ्याएवढा तुकडा दिला होता, तो त्याने वाढवून कोबीच्या गड्ड्याएवढा केला. पोवळी पाळणाऱ्यांच्या क्लबातले लोक दर वर्षी मागायचे, तो हसून नाही म्हणायचा. वाटून टाकलं की आपलं काय राहिलं, असा त्याचा हिशेब. पुढे मोठ्या वादळात गावची वीज गेली, जनरेटरमध्ये पाणी शिरलं आणि वीज परत येईपर्यंत टाकीत पांढरे सांगाडे उरले होते. कुणाला एक फांदी दिली असती तर ती परत मागून आणता आली असती. दिलीच नव्हती.

पण त्या वादळाच्या आधी एका सकाळी त्याच्या पोवळ्याची एक फांदी गायब झालेली होती. मोडलेली नव्हे, स्वच्छ कापलेली. घराची किल्ली एकाच बाहेरच्या माणसाकडे होती, डेस मल्डूनकडे. कारखान्यातला जोडीदार, क्लबातला जोडीदार. सिल्व्हानोने त्याला भर बैठकीत चोर म्हटलं. डेसने किल्ली टेबलावर ठेवली, "बरं," म्हणाला आणि निघून गेला. क्लबात तो पुन्हा आला नाही. वर्षभरात घर विकून कार्डवेलला राहायला गेला.

"मी तुमच्याकडे मागितलं होतं, पपा," कार्ला म्हणाली. "ग्रेग संसार सोडून गेला त्या वर्षी. घरात मी आणि ती एवढीशी टाकी. तुम्ही म्हणालात, आधी पाणी सांभाळायला शीक."

"आठवतंय."

"मग आई बसने आली. मांडीवर डबा धरून. म्हणाली, पपांना कळू देऊ नकोस."

"मी डेसला चोर म्हणालो, कार्ला."

"ते मला फार उशिरा कळलं. आईच्या शेवटच्या दुखण्यात." तिने नजर वळवली. "तुमची टाकी गेली तेव्हा यातलंच आणून देणार होते. पण कुठून आणलं हेही सांगावं लागलं असतं. धीर झाला नाही."

आपल्याशी बोलायला धीर लागतो, हे सिल्व्हानोला लेकीच्या तोंडून पहिल्यांदाच कळत होतं. तो म्हणाला, "दोन फांद्या काप. एक माझ्या टाकीला. एक त्याला."

दुसऱ्या दिवशी परतताना तो कार्डवेलला थांबला. डेस ओट्यावर खेकडे धरायचं जाळं चाचपत दुरुस्त करत बसला होता. गाडीतून कोण उतरलं ते चालीवरून ओळखून त्याने सुई जाळ्यात खोचली.

"या फिटरसाहेब! कुत्र्याला भिऊ नकोस, आंधळा झालाय तो. मालकासारखाच."

चहा झाला. उसावर बोलणं झालं, गुडघ्यांवर झालं. शेवटी सिल्व्हानोने थर्माकोलचं खोकं उघडलं आणि फांदी ठेवलेली पाण्याची पिशवी डेसच्या हातात दिली. डेसने ती डोळ्यांजवळ नेऊन उजेडात धरली.

"अरे वा! रंग काय धरलाय!"

"कार्लाकडे होतं. इनेसनं नेलं होतं चोरून, लेकीला द्यायला. मला काल कळलं."

"इनेसला कापता येत होतं होय? तिनं हात घातला असता तर टाकीभर चुरा झाला असता." डेस हसला. "मी कापलं. तिनं डबा धरला."

सिल्व्हानोने कप बाजूला सारला. "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? कापलं तर होतंच. बाकीचं सांगितलं असतं, तर मी माझ्या घरी गेलो असतो. तिला तुझ्याच घरात राहायचं होतं, लेका."

"मी तिला काही बोललो नसतो."

डेस चहा ढवळत राहिला. कपात चहा उरलाच नव्हता. सिल्व्हानोला आपलं बोलणं आपल्याच कानाला खोटं लागलं.

"तिच्या मातीला आला होतास तू," तो म्हणाला. "चर्चसमोर, रस्त्यापलीकडे उभा होतास. मी बघितलं होतं."

"तू बघितलंस, ते मलाही दिसलं होतं."

डेसने पिशवी दोघांच्या मधे ओट्यावर ठेवली.

"हे ठेव तू," सिल्व्हानोने पिशवी पुढे सरकवली. "तुझंच आहे."

डेस त्याला मागच्या पडवीत घेऊन गेला. त्याची जुनी टाकी तिथे होती. तिच्यात माती भरलेली होती आणि मिरचीची रोपं छान वर आली होती.

"इथं आल्यावर मांडलीच नाही रे. मन लागेना. आता डोळेही अधू झाले. नको."

"मग रविवारी माझ्याकडे ये. तू लाव तुझ्या हातानं. तू चिकटवलेलं कधी पडायचं नाही."

"बघू," डेस म्हणाला. फाटकापर्यंत सोडायला आला. "पिशवी उन्हात ठेवू नकोस," एवढंच बोलला.

रविवारी सिल्व्हानोने सकाळीच टाकीची काच पुसली. वादळानंतर पुन्हा उभी केलेली ही टाकी लहान होती. दोन-चार मासे, साधीसुधी पोवळी आणि वाळूवर नुसत्याच ठेवलेल्या त्या दोन फांद्या. त्याने खडकावरची एक खाच ब्रशने घासून ठेवली, दोन कप काढले, बिस्किटं बशीत मांडली. जेवणाची वेळ टळली. फोन करावा असं मनात आलं, पण डेसचा नंबर त्याने कार्डवेलला घेतलाच नव्हता.

उन्हं कलल्यावर तो स्वतःच डेसची फांदी लावायला बसला. पहिल्यांदा गोंद फांदीला न लागता बोटालाच लागला. दुसऱ्यांदा फांदी बसली आणि हात काढताच वाळूत कलंडली. तिसऱ्यांदा त्याने लुकण नीट मळलं, फांदी खाचेत टेकवली, कोपर काचेच्या कडेवर रोवलं आणि दोन बोटांनी ती धरून ठेवली. आता हलायचं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी हळू झाली. फाटकासमोर आल्यावर थांबल्यासारखी वाटली. इंजिन चालूच होतं.

"डेस?" त्याने बसल्या जागेवरून हाक मारली. पंपाच्या आवाजात ती खोलीबाहेर गेली नसावी.

उठलं तर फांदी सुटली असती. तो उठला नाही. गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग गियर बदलल्याचा आवाज झाला आणि ती पुढे गेली. सिल्व्हानोचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. गोंद केव्हाच धरला होता, तरी त्याने बोटं काढली नाहीत.