शेजारची खुर्ची

"जरा डोळा लागला की या घरात भांडं पडतं. नेमकं तेव्हाच. एरवी दिवसभर सगळी भांडी कशी शहाण्या मुलांसारखी बसून असतात."

वडील हे कुणा एकाला उद्देशून बोलत नव्हते. खोली लहान होती आणि ते दोन खुर्च्यांच्या मागे, अगदी बायकोच्या कानाशी उभे होते, म्हणून ते ऐकावं लागत होतं एवढंच. दुपारची झोप अर्धवट मोडलेली, अंगात बनियन, आणि शर्ट कपाटात.

कपाटासमोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. डावीकडे आई, उजवीकडे मुलगी. मध्ये बुटांचं रिकामं खोकं आणि त्यात उभी खोचलेली दोन लाकडी उलथनी. इंजिनांचा जोर वाढवायचा तर ती पुढे, कमी करायचा तर मागे. दोघींच्या हातात एकेक हँगर, ते सुकाणू. आणि कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून चिकटवलेलं मोठं कागदी चित्र, विमानाचं कॉकपिट, त्यातल्या सगळ्या तबकड्या आणि बटणांसकट. वैमानिक लोक घरी असाच सराव करतात, हे या घराला आता माहीत झालं होतं.

"मला शर्ट हवाय," वडील म्हणाले. "म्हणजे आता आधी विमानाचे दोन तुकडे करायचे, मग शर्ट."

कुणी हसलं नाही. वडिलांनी जीभ चावली, एक दार हळूच, कुणाला जाग येऊ नये तसं उघडलं, हाताला लागला तो शर्ट ओढला आणि दार पुन्हा लावलं. चित्राच्या दोन्ही बाजू नीट जुळल्या आहेत ना, ते तळव्यानं दाबून पाहिलं.

"उकडतंय," मुलगी म्हणाली. तिच्या पाठीवर ओला डाग पसरला होता.

"उकडतंयच," आई लगेच म्हणाली. पंखा लागलेला होता. खिडकी मात्र बंद होती, कारण विमानतळावर उतरणारी विमानं या बाजूनं जात आणि खिडकी उघडी असली की आवाज आत येई. खिडकी बंद ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं. ती एक दिवस बंद झाली आणि तशीच राहिली.

मुलाखत उद्या सकाळी होती. कंपनी मालवाहू विमानांची. मुलीनं ज्यांना ज्यांना कळवलं होतं, त्यांच्यातून बोलावणं एवढं एकच आलं होतं, आणि आणखी काही आठवडे ती विमानात बसली नाही तर तिचं परवानापत्र शिळं होऊन पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्याव्या लागणार होत्या. तेवढं वय तिच्यासाठी कुणी राखून ठेवलेलं नव्हतं. आधी दोन-तीन जणांसमोर बसून प्रश्नोत्तरं, आणि त्यात तरली तर तिथल्याच सिम्युलेटरमध्ये, एका अनोळखी कॅप्टनच्या शेजारी बसून परीक्षा.

मालवाहू विमान ही गोष्ट वडिलांना मनापासून आवडली होती.

"खोकी बरी," ते शर्टाची बटणं लावत आताही म्हणाले. "खोक्यांना मळमळत नाही. खोकी फोटो काढत नाहीत. खोकी उतरल्यावर हात हातात घेऊन आभार मानत नाहीत."

हेही बोलायला नको होतं. त्या दिवशी उतारूंनी तिचे आभारच मानले होते.

'तो दिवस' एवढंच त्याला घरात म्हणत. विमान खाली येत होतं आणि तिच्या शेजारचे कॅप्टन आपल्या नातीच्या नव्या सायकलीबद्दल सांगत होते. खाली येताना तसलं बोलायचं नसतं, म्हणून ते वाक्य अर्धं सोडून गप्प झाले, असं तिला वाटलं. ते पुन्हा बोललेच नाहीत. तिनं विमान उतरवलं. मागे बसलेल्यांपैकी कुणाच्या हातातलं पाणीसुद्धा सांडलं नाही. वर्तमानपत्रात तिचं नाव आलं, कंपनीनं शाल-श्रीफळासारखा काही सोहळा केला, आणि मग तिनं रजा घेतली, रजा वाढवली आणि शेवटी नोकरीच सोडली. वडील पूर्वी तिला 'वैमानिकबाई' म्हणून हाक मारायचे. आता नुसतं 'अगं' म्हणत.

आई ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा तिच्या. इतकी वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे ती सोफ्यावर बसली तरी उजवा पाय जमिनीला किंचित दाबलेला असे. शिकणाऱ्याचा चेहरा ती कधी बघत नसे, हात बघायची. ज्याचा अंगठा मुठीच्या आत दडलेला, तो आतून गळाठलेला. त्याला ती म्हणायची, "या गाडीत एक शब्द चालत नाही. कुठला ते तुम्हाला माहीत आहे." आणि लोक हसून अंगठा बाहेर काढायचे.

गेले कित्येक महिने मुलीचा अंगठा मुठीत होता. तिच्या हातून भांडी पडत. वडील आरामखुर्चीत पेंगायला लागले की स्वयंपाकघरातून झाकण नाहीतर तांब्या खणखणत यायचा, आणि आई धावत जाऊन पाहायची तर मुलगी दारात उभी, हात रिकामे, नजर बाहेरच्या खोलीकडे. "निसटलं," ती म्हणायची. हात थरथरतात पोरीचे, आई मनात म्हणायची. तोंडानं म्हणायची, "असू दे, नाहीतरी जुनंच होतं."

"प्रश्न घ्यायचेत ना आणखी?" वडिलांनी पलंगाच्या कडेवर बसत विचारलं. मुलाखतीतले साहेब तेच व्हायचे. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि समोर माणूस बसला की त्यांचा दुकानातला आवाज आपोआप लागे. "हं, सांगा. आमच्याच कंपनीत का यावंसं वाटलं? सावकाश. घाई नाही. पहिलं उत्तर बरं वाटतंय की दुसरं?"

या वेळी मुलगी हसली. हसली म्हणून आईनंही हसून घेतलं.

उत्तरं चांगली पाठ झाली होती. एकाच प्रश्नाला सगळे जपून असत: मधले इतके महिने विमान का चालवलं नाही? त्याचं उत्तर आईनं तयार केलं होतं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरी दुसरं कुणी नव्हतं. ऑपरेशन खरंच झालं होतं. फक्त वडील चार दिवसांत काठी टाकून दुकानात गेले होते.

"माझ्या गुडघ्याला फुकट आजारी पाडताय," ते तेव्हा कुरकुरले होते. पण हरकत घेतली नव्हती.

"तो प्रश्न नंतर," मुलगी आता म्हणाली. तिनं हँगर मांडीवर ठेवला. "आई, एक सराव राहिलाय."

आईला कळलं कुठला. ती चित्रातल्या एका तबकडीवरची न दिसणारी धूळ झटकायला लागली.

"तो राहू दे. चहा घेऊ आधी."

"उद्या तोच देतील. सगळीकडे देतात."

"पण तुझ्या बाबतीत... म्हणजे त्यांना माहीत असेल ना."

"म्हणून तर देतील."

वडील पलंगावरून उठले आणि पुन्हा बसले.

"सांग मग," आई म्हणाली. "मी काय करायचं?"

"तू काहीच करायचं नाहीस." मुलीचा आवाज एकदम कोरडा झाला, पुस्तकातल्यासारखा. "विमान तू चालवतेयस. खाली येतोय आपण. मी उंची सांगत जाते, तू दर वेळी 'चेक्ड' म्हणायचं. मग एकदा नाही म्हणायचं. मी पुन्हा सांगेन. दुसऱ्यांदाही तुझं उत्तर आलं नाही, तर तिसऱ्यांदा विचारायचं नसतं."

"मग?"

"मग विमान माझं. 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि घ्यायचं."

"आणि मी?"

"तू तशीच बसून राहायचं. चाकं थांबेपर्यंत."

आईनं पदर खोचला, हँगर धरला. शेजारून आकडे यायला लागले. पहिल्यांदा ती "चेक्ड" म्हणाली, दुसऱ्यांदा सवयीनं "हो, बघितलं" म्हणाली आणि मुलीनं मान हलवल्यावर पुन्हा "चेक्ड" म्हणाली. मग तिनं डोळे मिटले, हनुवटी छातीवर टेकू दिली आणि हँगरवरचे हात सैल सोडले.

"वन थाउजंड," मुलगी म्हणाली.

पंख्याची एक पाती कुठंतरी घासत होती. इतके दिवस ते आईला ऐकू आलं नव्हतं.

"वन थाउजंड, कॅप्टन."

झालं. दोनदा झालं. आता शेजारून ते तीन शब्द यायला हवे होते. आले नाहीत.

आईचा उजवा पाय फरशीला रुतला. तिथं ब्रेक नव्हता. शिकणाऱ्याला किती वेळ द्यायचा आणि कधी पाय दाबायचा, याचा हिशेब तिच्या अंगात होता. तो वेळ केव्हाच उलटून गेला होता. जमीन वर येत होती. मिटल्या डोळ्यांनी तिला ती खरोखर वर येताना दिसली, घरांची छपरं, रस्ते, त्यावरून आपली पांढरी गाडी.

"आई."

हे तिसऱ्यांदा होतं. विचारायचं नसतं ते.

"आई."

उघडावेत डोळे. म्हणावं, असू दे गं, नाहीतरी जुनंच होतं. पण आज आपण डोळे उघडले तर पोरीला वाटेल, कुणीतरी नेहमीच उघडतं. आईनं दात आवळले. तिकडे पलंग करकरला. वडील उभे राहिले असावेत.

मग शेजारी कुणीतरी बुडीतून वर आल्यासारखा श्वास घेतला.

"आय हॅव कंट्रोल."

आवाज इतका बारीक होता की पंख्याच्या घासण्यातही तो बुडाला असता. पण त्यानंतर उलथनी सरकल्याचा आवाज आला, हँगर खेचल्याचा, आणि आकडे सुरू झाले. एकेक आकडा, सपाट, मध्ये एकही शब्द नाही. शेवटी खुर्चीचे पाय फरशीवर टेकल्यासारखे वाजले आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही.

आईच्या मनगटाला गार बोटं लागली. आधी चुकीच्या जागी, मग सरकून बरोबर नाडीवर. ती तिथंच दाबून राहिली. त्या दिवशी मुलीचे दोन्ही हात कामात होते. चाकं थांबेपर्यंत तिनं शेजारी पाहिलंसुद्धा नव्हतं, पाहायचं नसतं. हे तिनं एकदाच सांगितलं होतं, डॉक्टरला, आणि आईनं ते दारातून ऐकलं होतं.

"उघड ना आता," मुलगी म्हणाली. "थांबलंय."

आईनं डोळे उघडले. मुलीच्या कपाळावर केस चिकटले होते. अंगठा मुठीत नव्हता, तो आईच्या मनगटाखाली होता.

"जमलं की," आई म्हणाली. "जरासा उशीर झाला एवढंच. उकाड्यानं होतं असं."

वडील समोर आले, कपाटाला पाठ लावून कॉकपिटच्या अगदी मध्यावर उभे राहिले, म्हणजे आता दोघींना चित्र दिसत नव्हतं, तेच दिसत होते. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"शेवटचा प्रश्न," ते दुकानातल्या आवाजात म्हणाले. "मधले इतके महिने तुम्ही विमान का चालवलं नाहीत?"

"बाबा, आत्ता नको."

"साहेब आहे मी. का चालवलं नाहीत?"

मुलीनं पाठ सरळ केली. "माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन..."

"गुडघा बरा आहे," वडील म्हणाले.

"अहो, उत्तर तसं ठरलंय ना," आई म्हणाली.

"ठरलं असेल. पण गुडघा माझा आहे. आणि तो बरा आहे." त्यांनी तो वाकवून दाखवला, एकदा, दोनदा. मग पुन्हा तोच आवाज, पण थोडा खाली आलेला. "सावकाश. घाई नाही."

आईचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, घरी दुसरं कुणी नव्हतं, थकवा होता, मुलगी म्हणून कर्तव्य होतं. शेजारच्या खुर्चीतल्याला अडखळताना पाहिलं की आपण काहीतरी दाबायचं, एवढंच तिला आयुष्यात येत होतं. तिनं फरशीवरून उजवा पाय उचलला आणि मुद्दाम डाव्या पायामागे नेऊन ठेवला.

मुलगी वडिलांकडे पाहत होती. बनियनची कड बाहेर आलेली, एका बाजूला वर गेलेली कॉलर, गालावर अजून आरामखुर्चीच्या वेताची जाळी उमटलेली.

"तुम्ही दुपारी खुर्चीत झोपता ना," ती म्हणाली, "तेव्हा भांडं पडत नाही, बाबा. मी पाडते."

वडील गुडघा वाकवायचे थांबले.

"मुद्दाम?"

"हो." तिनं अजून आईचं मनगट सोडलं नव्हतं. "कुणी गप्प झालं की मला भीती वाटते."