त्रेचाळीस नावांचं पत्रक

अमेरिकेतल्या डाव्यांनी मत द्यावं की देऊ नये, यावर आमच्या अभ्यास मंडळात तीन रविवार वाद झाला. सिद्धेश विरारहून यायचा आणि म्हणायचा, "दोन्ही पक्ष भांडवलदारांचेच. मत देणं म्हणजे त्यांच्यापुढे मान तुकवणं." मी टाळ्या वाजवायचो. सातिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं युनियन चालवली आणि एकदाही बोटाला शाई लावून घेतली नाही, याचा मला माज होता. होय, माजच.

त्यातच महापालिकेची निवडणूक लागली. आमच्याच कारखान्यात पॅकिंग करणारी क्लारा आमच्या प्रभागातून अपक्ष उभी राहिली. कारण एकच. तिच्या आळीतलं बावखल बुजवायला घेतलं होतं. त्या तळ्यात पावसाचं पाणी साठतं म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. ते बुजलं की विहिरींना खारं पाणी येणार आणि तिची केळीची वाडी संपणार. भराव टाकणाऱ्याचाच मेव्हणा तिच्यासमोर उभा होता.

ती माझ्याकडे आली. "आत्मारामभाऊ, तुमच्या मंडळाची मतं मला द्या. पानी गेलं तर आमी खायचं काय?"

मी तिला अर्धा तास व्यवस्थेवर व्याख्यान दिलं. वर शहाणपणा असा की मंडळातर्फे बहिष्काराचं पत्रक काढलं. नुसती घोषणा नको, माणसं दिसली पाहिजेत, हा माझाच हट्ट. म्हणून खाली आमच्या प्रभागातल्या त्रेचाळीस जणांची पूर्ण नावं पत्त्यासकट छापली, माझं पहिलं. बाजारात, देवळापाशी, चर्चच्या फाटकाशी पत्रकं मी स्वतः वाटली.

मतदानाच्या दुपारी क्लाराच्या आळीवरून गेलो. सुट्टी असूनही डंपर माती ओतत होते. अर्धं बावखल गेलं होतं. माझी मलाच लाज वाटली. चार वाजता, आयुष्यात पहिल्यांदा, मतदानाच्या रांगेत उभा राहिलो.

टेबलावरच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "तुमचं मत झालंय, काका."

"आत्ता येतोय मी. बोट बघा, कोरं आहे."

"सही आहे ना इथे."

सही माझी नव्हती. भांडलो, तेव्हा त्यांनी कागदी मतपत्रिका दिली. क्लाराच्या चिन्हावर शिक्का मारला आणि ती पाकिटात बंद झाली. अशी मतं मोजणीत धरत नाहीत, कोर्टाने मागितलं तरच पाकीट उघडतं, असं अधिकाऱ्याने समजावलं.

बाहेर मेव्हण्याच्या टेबलाशी कल्पेश बसला होता, एके काळचा माझ्याच युनियनचा कार्यकर्ता. त्याच्या मतदारयादीखाली आमचं पत्रक होतं. त्रेचाळीसही नावांपुढे पेनाने खुणा.

"कॉम्रेड, कोण येणार नाही ते शोधताना दम निघतो," तो हसत म्हणाला. "यंदा तुम्हीच छापून दिलंत. पत्त्यासकट."

"माझंही?"

"तुमचं तर दरवेळी पडतं. तुम्ही येत नाही हे कोणाला माहीत नाही?"

म्हणजे आजवरच्या प्रत्येक निवडणुकीत मी मत दिलं होतं. आणि ज्यांना शिव्या घातल्या, त्यांनाच.

क्लारा एकतीस मतांनी पडली.

रविवारी सिद्धेश म्हणाला, "निदान आपले हात स्वच्छ राहिले." मी सांगितलं, आपण त्रेचाळीस जणांनी भराववाल्याच्या मेव्हण्याला मतं दिली. खुणा मी डोळ्यांनी बघितल्यात. मग कोणीतरी अमेरिकेचा राहिलेला मुद्दा काढला. मी उठून निघून आलो.

क्लाराकडे जायचं धाडस व्हायला आणखी चार दिवस गेले. ती बावखलाच्या काठाशी, म्हणजे जिथे काठ होता तिथे, उभी होती. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुमी मत नाय दिलं त्याचं मला काय नाय," ती म्हणाली. "तुमी सगळे गप घरी बसले असते, तरी मी निवडून आले असते. नावं कशाला छापली?"