चैतीचा बंदुकीचा अर्ज

पोशीच्या चुलीतला विस्तव कधी विझत नसे आणि तिच्या थोरल्या जावेच्या, चैतीच्या, चुलीतला कधी टिकत नसे. दोघींची घरं एकाच अंगणात. उजाडलं की चैती फुटक्या खापरीत राख घेऊन पोशीच्या दाराशी येई आणि म्हणे, "पोशे, इस्तव दे."

"इतकी वर्सं झाली, बाय, तरी तुना चूल राखता येत नाय," पोशी म्हणे.

"माझा जीव रानात. चुलीपाशी कसा बसंल?"

एवढं बोलणं झाल्याशिवाय दोघींचा दिवस सुरू होत नसे. जामसरच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर त्यांचा पाडा होता. अंमल जव्हार संस्थानचा. खाचरात थोडा भात, उताराच्या वरकस जमिनीवर नागली, आणि नागलीवरच वर्ष काढायचं.

चैतीचा नवरा काळ्या होता तोवर त्याच्यापाशी ठासणीची एक बंदूक होती. तिला पीकराखणीचा रीतसर परवाना होता. नागली भरात आली की रानडुकरं कळपानं उतरत. काळ्या शेतातल्या उंच माळ्यावर बसला की त्याच्या एकट्याच्या शेताची नव्हे, साऱ्या पाड्याची राखण होई, आणि त्याबद्दल त्यानं कुणाकडे पसाभर दाणे मागितले नाहीत. चैती शेजारी बसून दारू ठासून देई. वेळ पडली तर स्वतः बारही काढी. एका साली चैत्रात काळ्या तापानं गेला. नियमाप्रमाणे बंदूक गोमा पाटलाच्या ताब्यात गेली, वारसाला परवाना मिळेपर्यंत.

गोमा पाटलाची स्वतःची बंदूक होतीच. आता पाड्यात बंदुका दोन आणि दोन्ही त्याच्या भिंतीला. ज्याच्या हाती ससा तो पारधी! ज्याला आपल्या शेतावर राखण हवी असेल त्यानं आधी पाटलाची लावणी करायची, पाटलाचं घर शाकारायचं, पाटलाची गुरं वळायची. ज्येष्ठ-आषाढात लोकांची रोपं पिवळी पडत होती आणि सारा पाडा पाटलाच्या चिखलात वाकलेला होता. ते पाहून चैती थुंकली. खरोखरच थुंकली, आणि पोशीला म्हणाली, "बंदूक माझ्या घरची. मी परवाना काढते."

परवान्याची रीत सोपी होती; निदान कागदावर तरी. सरकारी कागद घ्यायचा. अर्जनवीसाकडून त्यावर नाव, गाव, बंदूक कसली, कशासाठी हवी, हे लिहवून अंगठा उठवायचा. मग पाटलाचा दाखला. मग कचेरीतला तपासनीस गावात येऊन विचारणार, की अर्जदाराचा लौकिक कसा आहे. तो चांगला निघाला तर परवाना मिळणार, आणि दर साल असाच नवा करून घ्यायचा. थोडक्यात, डुकराच्या सुळ्यातून सुटायचं तर आधी पाटलाच्या दाढेखालून जायचं.

चैती जव्हारला गेली तेव्हा पोशी तिच्या सोबतीला होती. अर्जनवीस चैतीचं मोकळं कपाळ बघून हसला. "विधवा बाई तू. तुला बंदूक कशाला?"

"डुकराला काय ठावं, मी रांड का सवाशीण?" चैती म्हणाली. "त्याला नागली दिसते. लिवा."

अर्जनवीसानं लिहिलं. परतताना चैती वाटभर गात होती. एवढा आनंद काळ्या गेल्यापासून पोशीनं तिच्या तोंडावर पाहिला नव्हता.

भादव्यात पोशीचा तान्हा मुलगा आजारी पडला. दिवसा पोशीनं घ्यावा, रात्री चैतीनं घ्यावा, असं चाललं होतं. त्यानं शेवटचा श्वास सोडला तो चैतीच्या मांडीवर. ती इतकी रडली की पोशीलाच तिला आवरावं लागलं.

सुतक फिटायच्या आत बुध्या भगतानं सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि डोळे मिटून सांगितलं, "घरातलीच हाय. भुताळी हाय. पोर तिनं खाल्लं." जिच्या नजरेनं माणूस झुरून मरतो, ती भुताळी. एखादी बाई एकटी असली, तिच्यापाशी शेत असलं आणि तोंडात जीभ असली, की भगताच्या सुपात तिचं नाव बरोबर उमटतं! त्या साली भगताच्या शेतावर पाटलाची बंदूक फुकट राखण करत होती. साऱ्यांना दिसत होतं, पण बोललं कुणीच नाही.

पाऊस ओसरल्यावर तपासनीस आला. डोलीतून आला, कारण साहेबांना चढ सोसत नसे. डोली पाड्यातल्या गड्यांच्या खांद्यावर, अर्थातच वेठीनं. त्यांत पोशीचा नवरा जिव्याही होता. उतरताना त्याचा हात साहेबांच्या बाहीला लागला तर साहेबांनी बाही झटकली. पाणी त्यांनी आपल्या शिपायाकरवी लांबच्या झऱ्याचं आणवलं. या लोकांच्या घागरीचं त्यांना चालत नसे. मात्र याच लोकांच्या उकिरड्यावर वाढलेल्या कोंबड्या चालत होत्या. कोंबडीला विटाळ नव्हता. पोशीनं पिसं काढून दिली, शिपायानं रांधलं, आणि साहेब बोटं चाटूनपुसून, ढेकर देऊन, वाघदेवाच्या झाडाखाली बाजेवर बसले.

"हं. या बाईचा लौकिक कसा काय?" दात कोरीत त्यांनी विचारलं.

"भुताळी हाय, साहेब," गोमा पाटील म्हणाला. "हिच्या हातात बंदूक दिली तर पाड्यात माणूस उरायचा नाय. भगताला इचारा."

चैती पुढे झाली. "पाटील, बसून नको सांगू. वाघदेवावर हात ठेव आन् मंग सांग."

झाडाखाली शेंदूर फासलेला, वाघ कोरलेला दगड होता. त्यावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याला वर्षाच्या आत वाघ नेतो, असं पाडा मानी. शेताचा बांध असो, चोरी असो, सोयरीक मोडलेली असो, निकाल तिथेच लागे. त्या दगडावर हात ठेवून आजवर कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

पाटील खाकरला आणि आभाळाकडे बघू लागला. भगत म्हणाला, "माझ्या अंगात देव येतो, माना शपथ चालत नाय."

"मंग तू ये," पाटील पोशीवर ओरडला. "तुझं पोर गेलं. ठेव हात. सांग कोणी खाल्लं."

पोशी दगडासमोर उभी राहिली. तिच्या छातीत अजून दूध दाटत होतं, लुगडं ओलं होत होतं. तिनं दगडाकडे पाहिलं, मग चैतीकडे पाहिलं.

"मी नाय ठेवणार," ती म्हणाली.

आणि मग साऱ्या पाड्यातून एक हात पुढे आला नाही. त्या लोकांच्या रीतीप्रमाणे निकाल लागला होता: चैती निर्दोष होती. पण तपासनीस शिकलेला होता. तो हसला. "दगडधोंड्यावरची शपथ चौकशीत बसत नाही. पाटील काय सांगतात तेवढं आम्ही लिहायचं," असं म्हणून त्यानं लिहिलं, आणि लिहिता लिहिता शिपायाला सांगितलं की रश्श्यात मीठ कमी होतं.

आश्विनात हुकूम आला. पाटलानं तो कचेरीच्या शिपायाकडून झाडाखाली मोठ्यानं वाचून घेतला. "अर्जदार स्त्री असून भुताळी असल्याचा लौकिक आहे. सबब परवाना नामंजूर. बंदूक पाटलाकडे राहावी." खाली शिक्का होता.

इथे पाड्यानं जी चूक केली ती भोळ्या माणसांनीच करावी. चौकशीच्या दिवशी जे देवासमोर खोटं बोलायला धजले नाहीत, ते कागदासमोर वाकले. कागद खोटं बोलतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "सरकारानं लिवलं," ते एकमेकांना सांगू लागले. "सरकाराला काय आपल्यासारकं वैर हाय? त्याला दिसलं म्हणून लिवलं." पोशी रात्रभर तळमळली. मूल चैतीच्या मांडीवरच गेलं होतं, हे आता तिला पुन्हा पुन्हा आठवू लागलं.

उजाडलं. दाराशी पावलं वाजली. "पोशे, इस्तव दे."

पोशीनं आतून दार लावून घेतलं.

बाहेर खापरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग चैती एवढंच म्हणाली, "तू पण?" पोशीनं दार उघडलं तेव्हा उंबऱ्याशी खापरी होती, राख भरलेली, आणि चैती नव्हती.

पाटलानं चैतीला पाड्याबाहेर काढलं. ती आपल्या नागलीतल्या माळ्यावर राहू लागली; पत्र्याचा डबा बडवून डुकरं हाकायची. डबा वाजला की पाड्यात पोरं हसत. एका तिन्हीसांजेला डबा वाजता वाजता थांबला आणि किंकाळी आली. "पोशे! जिव्या! धावा!"

साऱ्यांनी ऐकलं. भुताळीच्या हाकेला ओ दिली तर आपण मरतो, असं म्हणतात; म्हणून लोकांनी कानांवर हात ठेवले. गोमा पाटील पडवीत बसला होता. त्याच्या मागे भिंतीला दोन्ही बंदुका टांगलेल्या होत्या. पोशी उंबरा ओलांडून एक पाऊल बाहेर आली, तर जिव्यानं तिचा दंड धरला. "सरकारानं लिवलंय," तो पुटपुटला. तिला हात सोडवून घेता आला असता. तिनं सोडवला नाही.

सकाळी चैती मेलेली सापडली. मांडी सुळ्यानं फाडलेली होती. तशीच ती सरपटत पाड्याच्या दिशेनं आली होती; नागलीत तेवढा पट्टा लोळलेला दिसत होता. तोंड पोशीच्या घराकडे होतं. डुकराला शिव्या देण्यात अर्थ नाही, ते भुकेलं जनावर. किळस यावी ती त्या पडवीत बसलेल्याची, त्या सुपात तांदूळ टाकणाऱ्याची, आणि सर्वांत जास्त त्या स्वच्छ बाहीची, जिनं एक अफवा सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि वर शिक्का मारला.

पोशीनं पुन्हा चूल पेटवली नाही. जिव्याच पेटवी.

वर्ष उलटलं. आता गोमा पाटलाचा स्वतःचा परवाना नवा करायचा होता. तोच तपासनीस, तीच डोली, तशाच कोंबड्या, तीच बाज. "पाटलांचा लौकिक काय, उत्तमच," म्हणत त्यानं रिवाज म्हणून लोकांकडे नजर टाकली. "कुणाला काही सांगायचं आहे?"

पोशी उठली. कुणाला न विचारता वाघदेवापाशी गेली आणि दगडावर तळहात टेकला.

"चैती भुताळी नव्हती. माझं पोर तापानं गेलं. तिला पाटलानं मारलं, भगतानं मारलं, तुमच्या कागदानं मारलं. आन् मी दार लावलं. मी पण मारलं. यातलं काही खोटं असंल तर माना वाघानं न्यावं."

जिव्या आला. त्यानं तिच्या हाताशेजारी हात ठेवला. "मी हिला धरून ठेवली. खरं हाय." मग एक म्हातारी आली. मग गडी आले, बाया आल्या. दगड लहान, हातांवर हात पडत गेले. भगत कधी निसटला ते कुणी पाहिलं नाही. पाटील हसू लागला, पण त्याच्यासोबत कुणी हसेना.

"अरे, हे चौकशीत बसत नाही!" तपासनीस खेकसला.

"मागं अफवा बसली," पोशी म्हणाली. "आता शपथ पण बसवा, साहेब."

साहेबांनी दप्तर मिटलं. "डोली उचला!" कुणी उठलं नाही. शिपायानं काठी आपटली. जिव्या जागेवरूनच म्हणाला, "आम्ही माणसं मारणाऱ्या कागदाला खांदा देत नाय." शेवटी साहेब पायी निघाले. उतारावर त्यांचा जोडा घसरत होता, बाहीला चिखल लागला होता, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या बाजेखाली ओरडत राहिल्या. पोशीनं त्यांच्या दोऱ्या सोडल्या.

पाटलाचा परवाना नवा झालाच. कचेऱ्या असल्या गोष्टींनी हलत नसतात. पण पुढच्या लावणीला त्याच्या चिखलात एकही पाठ वाकली नाही. रात्री पाडा पाळीपाळीनं डबे घेऊन माळ्यांवर बसला, आणि ज्यानं हाक मारली त्याला ओ मिळाली.

आणि पोशी जव्हारला गेली. अर्जनवीसानं तिला ओळखलं नाही. त्यानं सरकारी कागद पुढे ओढला, नाव विचारलं, गाव विचारलं.

"कशाचा अर्ज?"

"बंदुकीचा. ठासणीची हाय, पाटलाच्या भिंतीला टांगलीय. पीकराखणीला पायजे." तिनं कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. "पण आधी वर एक लिवा. माझी जाव चैती, काळ्याची बायको, भुताळी नव्हती."

अर्जनवीसानं टाक उचलून धरला. "बाई, या कागदात असलं लिहायला जागा नसते."

"मंग मोठा कागद घ्या," पोशी म्हणाली आणि जमिनीवर मांडी ठोकून बसली.