भीमा, ऐकू येतंय का?

कल्याणच्या त्या दवाखान्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर पाठोपाठ शिवीच येईल. तिथे माझी गर्भपिशवी काढली, आणि ऑपरेशन चालू असताना मला जाग आली. पोटात हात फिरत होते, कळत होतं, दुखत होतं, आणि डोक्यावर तो डॉक्टर नर्सला सांगत होता, टिटवाळ्याला फ्लॅट घेतोय, बाल्कनी बागेकडे पाहिजे. मला ओरडायचं होतं. पण अंग ढिलं पडायचं औषध दिलेलं, साधी पापणी हलेना. एवढी एकटी मी जन्मात कधी पडले नव्हते.

नंतर सांगितलं तर सगळे म्हणाले, स्वप्न. डॉक्टरही म्हणाला, भुलीत पडतात अशी. फक्त आमचे हे, शिवराम, म्हणाले, "बागेवाली बाल्कनी तुझ्या स्वप्नात कशाला येईल? तू जागीच होतीस, भीमा." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची वर्षं काढली.

आता हे नाहीत. कोपर स्टेशनजवळच्या खोलीत मी एकटी. मुलगा राजरत्न ठाण्याला असतो. रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो आणि मी काय जेवले ते सांगेपर्यंत ठेवतो. नातवंडांची मी आजी, बिल्डिंगमध्ये राजाची आई, भाजीवाल्याची मावशी. माझं नाव उरलंय ते रेशनकार्डावर.

पित्ताशयात खडे निघाले, ठाण्यात ऑपरेशन ठरलं. राजरत्नने गाडीतच बजावलं, ते जुनं काही काढू नकोस, डॉक्टर घाबरतात, केस घेत नाहीत. वा रे शहाणा! पोट कापणार माझं, आणि घाबरायचं डॉक्टरने.

आदल्या दिवशी भूल देणारी डॉक्टर आली. दर्शना नाव, माझ्या सुनेच्या वयाची. आधी भूल घेतलेली का, काही त्रास झालेला का, तिने विचारलं. राजरत्न म्हणाला, काही नाही.

"झालेला," मी म्हणाले. "मी जागी होते."

मग सगळं सांगितलं, बाल्कनीसकट. राजरत्न मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. मला वाटलं, आता हीपण स्वप्न म्हणणार. तर ती खुर्ची ओढून बसली.

"असं होतं, मावशी. क्वचित, पण होतं."

मला रडूच आलं. हे गेल्यापासून कोणी माझं म्हणणं खरं धरलं नव्हतं.

तिने नीट समजावलं. कपाळाला पट्ट्या लावणार, झोप किती गाढ आहे ते मशीनवर दिसतं. शिवाय उजव्या दंडाला पट्टा आवळणार, म्हणजे अंग ढिलं करणारं औषध त्या हातात उतरणार नाही, तेवढा हात हलवता येईल. ती तो धरून मधूनमधून हाक मारणार. ऐकू आलं तर मी तिचा हात दाबायचा, ती लगेच औषध वाढवणार. मग विचारलं, हाक कुठल्या नावाने मारू? सवयीच्या हाकेला माणूस पटकन ओ देतो म्हणे.

"भीमा म्हण," मी म्हणाले. राजरत्नने तेव्हा कुठे मोबाईलमधून मान वर काढली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपवलं तेव्हा दात वाजत होते माझे. थंडीने नाही, भीतीने. दर्शनाचा हात मी गच्च धरला. त्यानंतरचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा घसा कोरडा, पोटाला पट्टी. मधे ना सुरी, ना कोणाची बाल्कनी.

संध्याकाळी ती बघायला आली. मी पहिलं हेच विचारलं, हाका मारलेल्यास का?

"कितीतरी. पण तुमचा हात एकदाही हलला नाही. छान झोपलेलात तुम्ही."

सुटले बाई. हेच तर हवं होतं. पण बघा ना. इतक्या वर्षांनी कोणी मला भीमा म्हणून हाका मारल्या, हातात हात घेऊन मारल्या, आणि मेली मी ढाराढूर झोपलेली. एक पण कानावर पडली नाही.

"आता मार ना एकदा," मी म्हणाले.

तिला घाई होती, दिसत होतं. तरी तिने माझा हात हातात घेतला.

"भीमा, ऐकू येतंय का?"

मी तिचा हात असा दाबून धरला, की शेवटी बिचारी म्हणाली, मावशी, सोडा आता, मला पुढच्या पेशंटकडे जायचंय.